हिरवं, लाल की निळं? जुन्या ट्रकच्या अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरला कोणतं कूलंट चालेल

(ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना जे दोनदा-तीनदा आलं ते थोडं कापलंय, बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून निघालाय. कसाऱ्याच्या अलीकडे राहणाऱ्या एका श्रोत्याने पाठवली होती. घरची जुनी टाटा ४०७ आहे, वडील चालवायचे, आता हा चालवतो. पावसाळा संपला की भाताचा पेंढा, मग विटा, मधेच भाजी, जे मिळेल ते भाडं. रेडिएटर फुटला. नवा घ्यायला गेला तर दुकानदाराने तांब्या-पितळेचा न देता अ‍ॅल्युमिनियमचा दिला आणि वर सांगितलं, "यात आता साधं पाणी टाकू नको, कूलंट टाक." कोणतं? तर म्हणे हिरवं टाक. पुढच्या दुकानात सांगितलं लाल टाक. गॅरेजवाला म्हणाला काही टाकू नको, बोअरचं पाणी टाक, तुझ्या बापाने वीस वर्षं तेच टाकलं.

गंमत अशी की तिघंही आपापल्या जागी अर्धे बरोबर आहेत. आणि तिघांचं अर्धं अर्धं ऐकलं तर नवा रेडिएटर दोन पावसाळेही बघणार नाही.

आधी घाट समजून घेऊ. मुंबईकडून नाशिकला जाताना खर्डी गेलं, कसारा आलं, लतिफवाडी मागे पडली की खरी चढण लागते ती थेट वर घाटनदेवीपर्यंत. याच डोंगरातून रेल्वेने १८६५ साली रूळ वर नेले, आणि तिथला चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आजही बऱ्याच गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात. विचार करा, रेल्वेला जिथे मागून धक्का लागतो तिथे आपली भरलेली ४०७ दुसऱ्या गिअरमध्ये एकटी चढतेय. इंजिन पूर्ण जोर लावतंय आणि गाडीचा वेग सायकलएवढा, म्हणजे समोरून वारा जवळजवळ नाही. सगळी उष्णता बाहेर काढायची जबाबदारी फॅन, रेडिएटर आणि आतल्या पाण्यावर. मुरबाडकडून माळशेज चढणाऱ्यांचं दुखणंही हेच. आता समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, बोगद्यातून सरळ जाता येतं. पण टोल भरून पेंढा कोण नेतो? गावातल्या गाड्या जुन्याच रस्त्याने जाणार.

आता रेडिएटर. जुन्या गाड्यांना तांब्या-पितळेचा असायचा. पितळी नळ्या, तांब्याची जाळी, आणि सगळं शिसं-कथलाच्या झाळेने जोडलेलं. फुटला की रेडिएटरवाला झाळ लावून द्यायचा, तासाभरात गाडी रस्त्यावर. अ‍ॅल्युमिनियमचा तसा नाही. त्याच्या नळ्या आणि जाळी भट्टीत एकत्र जोडलेल्या असतात, वरखालची टाकी बहुतेक वेळा प्लॅस्टिकची, मधे रबरी सील. साधी झाळ त्यावर बसत नाही. पण म्हणून तो हलका माल आहे असं समजू नका. तांबं उष्णता जास्त चांगली वाहून नेतं हे खरं, पण अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद आणि चपट्या करता येतात, जाळी नळीला थेट चिकटलेली असते, आणि वजन तर कितीतरी कमी. नीट बनवलेला आणि योग्य मापाचा असेल तर घाटात कुठे कमी पडत नाही.

एक बाजूची गोष्ट सांगून टाकतो. जुना रेडिएटर दुकानदाराला "असाच" देऊन येऊ नका. तांबं-पितळ आहे ते. वजन करा, भंगाराचा भाव विचारा आणि नव्याच्या किमतीतून वजा करून घ्या. "जुना इथेच ठेवून जा" हे वाक्य इतक्या प्रेमाने का म्हटलं जातं ते तेव्हा कळतं.

तर, अ‍ॅल्युमिनियमचा स्वभाव. हा धातू स्वतःचं रक्षण स्वतः करतो. हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तोच त्याचं चिलखत. हे चिलखत आम्लातही विरघळतं आणि जास्त अल्कलीतही विरघळतं, दोन्हीकडून. गावाकडे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात चिंच उकळली किंवा ते सोड्याने घासलं तर काय होतं ते घरात बघितलंच असेल. दुसरा शत्रू क्लोराइड, म्हणजे पाण्यातलं मीठ. ते सगळीकडून सारखं खात नाही, एका ठिकाणी बारीक भोक पाडत जातं. रेडिएटरच्या नळीची भिंत असते किती? मिलिमीटरच्या आतच. तिथे एक भोक म्हणजे खेळ खलास.

म्हणून "बापाने बोअरचं पाणी टाकलं" हे तांब्या-पितळेला कसंबसं चाललं, इथे नाही चालणार. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड सगळं असतं. गरम झालं की खडा धरतो, चहाच्या भांड्याला आतून पांढरं धरतं ना, तसं. चपट्या नळीत तो खडा बसला की पाण्याची वाट अर्धी. शहापूर तालुक्याची तर वेगळीच कथा आहे. भातसा, तानसा, मोडकसागर इथलं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्याच पाड्यांवर टँकर येतो. त्या दिवसांत माणसं पाणी मोजून पितात, रेडिएटरमध्ये काय ओतलं जात असेल? जे मिळेल ते. त्यापेक्षा बॅटरीच्या दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी घ्या, पाच लिटरचा कॅन. फक्त दुकानात "बॅटरीचं पाणी" म्हणताना नीट सांगा, त्याच दुकानात बॅटरीचं अ‍ॅसिडही तशाच कॅनमध्ये असतं. लेबल वाचा, मग पैसे द्या.

आता मुख्य प्रश्न, रंग.

रंगाला काही अर्थ नाही. म्हणजे कंपनीला असतो, पण सगळ्या कंपन्यांचा मिळून असा कुठलाही नियम नाही. कूलंट मुळात बिनरंगी असतं, गळती दिसावी आणि कोणी पाणी समजून पिऊ नये म्हणून रंग घालतात. एका कंपनीचं हिरवं जुन्या पद्धतीचं असेल, दुसरीचं हिरवं नव्या पद्धतीचं. त्यामुळे "हिरव्यात हिरवं" हा हिशोब सोडून द्या.

कूलंटमध्ये तीन गोष्टी असतात. पाणी, ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं. ग्लायकॉल पाण्याला गोठू देत नाही आणि उकळायला उशीर लावतं. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही, मग लोक विचारतात की घ्यायचं कशाला. घ्यायचं ते तिसऱ्या गोष्टीसाठी. खरी लढाई गंज रोखणाऱ्या रसायनांत आहे आणि त्यांच्या ढोबळ तीन जाती आहेत.

पहिली जुनी: सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट, नायट्राइट असली अकार्बनी क्षारांची. सिलिकेट अ‍ॅल्युमिनियमवर पटकन थर बसवतं, पण लवकर संपतं. साधारण दोन वर्षांत बदलायला लागतं. दुसरी, सेंद्रिय आम्लांची, बाटलीवर ओएटी किंवा ऑरगॅनिक असं लिहिलेलं. ही सगळीकडे थर बसवत नाही, जिथे गंज सुरू होतो तिथेच काम करते, त्यामुळे बराच काळ टिकते. तिसरी, दोन्हीचं मिश्रण, हायब्रिड म्हणतात ती.

मग जुन्या ट्रकला नवा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर लावला तर यातली कोणती? इथे एक गुंता आहे आणि तो दुकानदार सांगत नाही. आपण फक्त रेडिएटर बदलला. इंजिन तेच आहे. ब्लॉक बिडाचा, कुठे पितळी नळी, कुठे झाळेचा जोड, ऑइल कूलर असेल तर तो कदाचित तांब्याचा. म्हणजे एकाच पाण्यात पाच-सहा धातू बसलेत. फक्त अ‍ॅल्युमिनियमला जपणारं कूलंट घेतलं आणि त्याने झाळ खाल्ली, तर काय उपयोग?

याची परीक्षा असते. एएसटीएम डी १३८४ नावाची चाचणी आहे, त्यात तांबं, झाळ, पितळ, पोलाद, बीड आणि अ‍ॅल्युमिनियम असे सहा धातूंचे तुकडे मुद्दाम खारवलेल्या पाण्यात मिसळलेल्या कूलंटमध्ये बुडवतात, ८८ अंशांवर ३३६ तास, म्हणजे बरोबर दोन आठवडे, वरून हवेचे बुडबुडे सोडत. मग तुकड्यांचं वजन करतात, कोण किती झिजलं. आणि डी ४३४० ही चाचणी खास गरम अ‍ॅल्युमिनियमसाठी आहे. हे नंबर बाटलीवर दिसले नाहीत तरी घाबरू नका. बाटलीच्या मागे आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यातलं काही लिहिलंय का बघा. आयएस म्हणजे आपलं भारतीय मानक, जेआयएस जपानचं. यातलं एकही नसेल, आणि ग्लायकॉल किती टक्के तेही लिहिलेलं नसेल, तर ती बाटली म्हणजे बहुधा रंगीत पाणी. परत शेल्फवर ठेवा.

डिझेल ट्रकसाठी अजून एक प्रश्न विचारायचा: आपल्या इंजिनाचा लायनर ओला की कोरडा? ओला म्हणजे ज्याच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं. डिझेलच्या प्रत्येक ठोक्याला तो लायनर थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे तयार होतात आणि त्याच्यावरच फुटतात. लाखो वेळा. त्याने लोखंडाला सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात आणि एक दिवस पाणी ऑइलमध्ये. हे टाळायला हेवी ड्युटी कूलंटमध्ये पूर्वी नायट्राइट भरपूर घालायचे. लोखंडाला ते चांगलं. पण अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरबरोबर त्याचं जमत नाही: नायट्राइटचं हळूहळू अमोनिया होतं, पाणी जास्त अल्कली होतं आणि आपण मघाशी बघितलं तसं अ‍ॅल्युमिनियमचं चिलखत त्यात टिकत नाही. म्हणून ओला लायनर आणि अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर अशी जोडी असेल तर हेवी ड्युटी डिझेलचं, पण नायट्राइट-फ्री लिहिलेलं सेंद्रिय कूलंट शोधा. लायनर कोरडा असेल तर ही भानगड नाही, सर्व धातूंना चालणारं आणि वर सांगितलेल्या मानकाचं कोणतंही चांगलं कूलंट चालतं. ओला की कोरडा ते इंजिन खोलणारा मिस्त्री सांगतो. त्याला एकदा विचारून मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

माझं मत विचाराल तर, नव्या अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरला सेंद्रिय किंवा हायब्रिड, एकच ब्रँड, एकच प्रकार, आणि गाडी आहे तोवर तोच. त्याचा एक कॅन गाडीत ठेवायचा. घाटात पाणी कमी झालं आणि पुढच्या टपरीवर दुसरीच बाटली मिळाली, ती ओतली, असं करू नका. दोन जाती एकत्र आल्या की कधी कधी आत जेलीसारखं साचतं, नाही साचलं तरी एकमेकांची रसायनं बिघडवतात. काहीच नसेल तर त्या दोन लिटरांसाठी स्वच्छ पाणी परवडलं.

प्रमाण किती? कॅन दोन प्रकारचे येतात. रेडी टू यूज, म्हणजे पाणी आधीच मिसळलेलं, त्यात थेंबभरही घालायचं नाही. आणि कॉन्सन्ट्रेट, ज्यात पाणी आपण घालायचं. बरेच जण रेडी टू यूजमध्ये पुन्हा निम्मं पाणी घालतात आणि मग म्हणतात कूलंटने काही फरक पडला नाही. उलटंही होतं: कोणी कॉन्सन्ट्रेट तसंच ओततं, घट्ट ते चांगलं म्हणून. ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता कमी धरतं. निम्मं-निम्मं मिश्रण वजनाला वजन साध्या पाण्यापेक्षा साधारण १५ टक्के कमी उष्णता वाहून नेतं. निव्वळ कॉन्सन्ट्रेट तर फारच कमी. म्हणजे घट्ट भरून तुम्ही गाडी जास्त गरम केलीत. कॅनवर दिलंय ते प्रमाण पाळा. आपल्या हवेत एक तृतीयांश ते निम्मं या दरम्यान, एक तृतीयांशाच्या खाली नको, कारण मग गंज रोखणारी रसायनंच पुरत नाहीत.

आणि झाकण! रेडिएटरच्या झाकणाकडे कोणी बघत नाही. निम्म्या-निम्म्या कूलंटचा उकळबिंदू १०७ अंशांच्या आसपास, साध्या पाण्यापेक्षा सातच अंश जास्त. खरी करामत झाकणाची. ते आत दाब धरून ठेवतं. १३ पीएसआयचं झाकण नीट असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. उलट झाकणाचा रबर सडलेला असेल तर वर इगतपुरीच्या उंचीला पाणी ९८ अंशांवरच उकळतं. शेकडो रुपयांचं कूलंट आणि सडकं झाकण, हे मी जागोजागी बघतो. नव्या रेडिएटरबरोबर नवं झाकण घ्या, दाब मात्र गाडीला मूळ होता तोच. जास्त दाबाचं लावलं तर जुने होज आणि प्लॅस्टिकची टाकी फाटेल.

भरण्याआधी धुणं. गाडी थंड. रेडिएटरचा नळ, ब्लॉकचा प्लग, दोन्ही खोला. फक्त नळ खोलला तर जुनं मातकट पाणी ब्लॉकमध्ये तसंच राहतं. पाणी भरायचं, इंजिन गरम होईपर्यंत चालवायचं, थंड झाल्यावर सोडायचं. स्वच्छ येईपर्यंत, तीनदा, चारदा. शेवटची धुणी डिस्टिल्डने. जुन्या रेडिएटरला काही लोक कॉस्टिक सोडा किंवा अ‍ॅसिड मारायचे. अ‍ॅल्युमिनियमला ते चुकूनही नको, कॉस्टिक त्याला डोळ्यांदेखत फेस आणून खातं. ब्लॉकमध्ये फार गंज असेल तर नवा रेडिएटर बसवायच्या आधी ब्लॉक धुवून घ्या, नाहीतर तो सगळा गाळ नव्या नळ्यांत जाऊन बसेल.

भरताना एक युक्ती. धुतल्यावरही ब्लॉकमध्ये थोडं पाणी उरतंच. म्हणून कॉन्सन्ट्रेट आधी ओता. समजा एकूण १२ लिटर मावतं आणि निम्मं-निम्मं करायचंय, तर आधी ६ लिटर कॉन्सन्ट्रेट, मग मावेल तेवढं डिस्टिल्ड. इंजिन हळू चालू ठेवून हवा बाहेर येऊ द्या. पहिले आठ दिवस रोज सकाळी थंड गाडीत पातळी बघा.

हळदीबद्दल विचारणार होतात ना? रेडिएटर गळला की हळद टाकायची ही आपल्या ड्रायव्हर मंडळींची जुनी विद्या. रानात अडकलात आणि घरी पोचायचंच आहे तर कोणीही टाकेल. पण ती हळद गळतीजवळच थांबत नाही, चपट्या नळ्यांतही बसते. घरी पोचलात की सगळं धुवून काढा.

अजून एक कारण आहे ज्याकडे गॅरेजमध्येही लक्ष जात नाही: अर्थिंग. जुन्या गाडीची इंजिन-चेसिसची अर्थ पट्टी तुटलेली असते, मग स्टार्टरचा, दिव्यांचा करंट परतीची वाट शोधत कूलंटमधून जातो आणि नवा कोरा रेडिएटर काही महिन्यांत चाळणी होतो. तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन थंड असताना झाकण काढा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन कूलंटमध्ये बुडवा, धातूला लावू नका. दिवे लावून बघा, मग कोणालातरी स्टार्टर मारायला सांगून बघा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, ०.३ च्या वर गेलं तर आधी अर्थिंग दुरुस्त, मग बाकीचं बोलू.

घाटात काटा वर गेलाच तर? बाजूला घ्या, हॅझर्ड लावा, चाकामागे दगड (आणि निघताना तो दगड उचला, रात्री मागून मोटरसायलवाला येतो). पाणी आत असेल तर इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटं हळू चालू द्या, म्हणजे पाणी फिरत राहतं. होज फाटून पाणी गेलंय असं दिसलं तर मात्र त्या क्षणी बंद. झाकणाला हात लावायचा नाही. अर्धा तास, पाऊण तास, भाडं चुकलं तरी चालेल. दाबातलं ११० अंशांचं पाणी तोंडावर आलं तर डोळे जातात. आणि तापल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा. हेडचं काम निघालं की त्या श्रोत्याचा पेंढ्याचा सगळा हंगाम त्यात जाईल, कूलंटचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

त्याच श्रोत्याचा दुसरा प्रश्न होता, काढलेलं जुनं कूलंट ओढ्याला सोडलं तर चालेल का. नाही. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्रा, शेळी, वासरू आवडीने पितं आणि मरतं. लहान मूलही पिऊ शकतं. पहिल्यांदा दारू प्यायल्यासारखं वाटतं, मग थोडं बरं वाटतंय असंही दिसेल, आणि आत किडनी निकामी होत असते. कोणी प्यालं तर वाट बघत बसू नका, बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना, आणि "कूलंट प्यालाय" हे शब्द डॉक्टरांना सांगा, कारण त्यावर उतारा आहे पण तो लवकर द्यावा लागतो. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक लिहा, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि सर्व्हिस सेंटरवाले जुनं ऑइल-कूलंट गोळा करतात त्यांना द्या. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच भरू नका.

तुमच्या गाडीचं मॉडेल, लायनर ओला की कोरडा, आणि हातातल्या कॅनच्या मागच्या बाजूचा फोटो, एवढं पाठवलंत तर पुढच्या भागात नावानिशी बोलता येईल. फोटो मागच्या बाजूचा. पुढे नुसता पळणारा चित्ता असतो.